कायमची रातपाळी लागली आहे? आधी झोपेचा खुंटा रोवा

रातपाळीच्या पहिल्या आठ महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं, मुलावर विनाकारण ओरडणं रोजचं झालं, आणि एका सकाळी कळव्याला उतरायचं सोडून मला थेट टिटवाळ्याला जाग आली. प्लॅटफॉर्मवर उभी राहून मी रडले होते. त्या आठ महिन्यांत जे कोणी मला सांगितलं नाही, ते इथे लिहिते आहे.

मी अंधेरी पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर ठिकठिकाणी गोळा झालेले रक्ताचे नमुने संध्याकाळनंतर आमच्याकडे येतात, रात्रभर मशीनवर चढतात आणि सकाळी लोकांच्या मोबाइलवर रिपोर्ट जातो. रात्री दहा ते सकाळी सहा, आठवड्यातून सहा रात्री, गेली नऊ वर्षं. घरी नवरा, चौथीतला मुलगा आणि सासूबाई.

हा लेख कायम रातपाळी करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांचं दुखणं वेगळं, आणि माझ्या मते जास्त अवघड आहे. त्यातलं थोडंच त्यांच्या कामी येईल.

१. घड्याळ पूर्ण उलटं होणार नाही, हे आधी मान्य करा

नवीन माणसाला सगळे सांगतात, "महिनाभरात सवय होते." जागं राहण्याची सवय होते, शरीराला मात्र रात्र ही रात्रच वाटत राहते. वर्षानुवर्षं रातपाळी करूनही ज्यांचं आतलं घड्याळ पूर्ण फिरलं आहे, अशी माणसं फार थोडी.

कारण साधं आहे. मेंदूतलं हे घड्याळ डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, शरीराचं तापमान उतरत जातं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास तळाला पोहोचतं. झोप सगळ्यात अनावर होते तीही तेव्हाच. आपण रात्रभर जागतो खरे, पण सकाळी घरी येताना लख्ख ऊन डोळ्यांवर घेतो. मेंदूला निरोप मिळतो की दिवस उजाडला. रोज हाच निरोप मिळत असेल तर घड्याळ हलणार कसं?

पूर्ण उलटं करायची गरजही नाही. शिकागोच्या रश विद्यापीठात शार्मेन ईस्टमन यांनी रातपाळीवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचा मार्ग मधला आहे: शरीराचा तो पहाटेचा तळ ढकलत ढकलत सकाळच्या झोपेच्या तासांत आणायचा आणि तिथेच थांबवायचा. म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी झोप लागते, आणि सुट्टीच्या दिवशी उशिरा झोपून दुपारी उठलं की घरच्यांबरोबर अर्धा दिवसही मिळतो. आपलं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं हे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं जातं. हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर बरंच काही वाचलं असतं.

२. खुंटा रोवा: सकाळी साडेआठ ते दुपारी बारा

मी ज्याला खुंटा म्हणते तो असा. आठवड्याचे सातही दिवस, सुट्टी असो वा काम, सकाळी साडेआठ ते बारा या वेळेत मी झोपलेली असते. बाकीची झोप मागेपुढे होते, हे साडेतीन तास हलत नाहीत. तुमची पाळी वेगळी असेल तर वेळा तुमच्या. नियम एवढाच की कामाच्या दिवसाची झोप आणि सुट्टीच्या दिवसाची झोप यांचे निदान तीन-चार तास एकमेकांवर यायला हवेत.

माझा कामाचा दिवस:

- सकाळी ७.४० घरी, ८.३० ला झोप
- दुपारी ३.०० ते ३.३० ला जाग
- ४ ते ७ घर, मुलगा, बाहेरची कामं, थोडं चालणं
- ७.१५ ला जेवण, ८.३० ला घराबाहेर

माझी सुट्टी बुधवारची. बुधवारी सकाळी घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे साडेआठला झोपते आणि साडेबाराला गजर लावून उठते. बुधवारी रात्री घरचे झोपले की मी जागी राहते. कपड्यांच्या घड्या, इस्त्री, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणं, मग वाचन. रात्री तीनला झोपते ती गुरुवारी दुपारी बारापर्यंत. गुरुवारी कामावर जायच्या आधी तासभर आडवी होते.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. सुट्टीच्या रात्री "आज तरी माणसासारखं झोपू" म्हणून आपण अकराला अंथरुणात शिरतो आणि सकाळी सहाला उठून डबा करतो. एका रात्रीत खुंटा उपटला जातो आणि पुढच्या दोन-तीन पाळ्या डोळे जड होऊन जातात. मी पहिले आठ महिने दर आठवड्याला हेच करत होते.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे किंवा दुपारी मुलं शाळेतून येतात, त्यांना सलग सात तास मिळणार नाहीत. त्यांनी झोप दोन तुकड्यांत घ्यावी: सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि संध्याकाळी निघण्याआधी दीड-दोन तास. तुकड्यांची झोप सलग झोपेइतकी चांगली नसते, पण नुसत्या चार तासांवर दिवस काढण्यापेक्षा कितीतरी बरी. दिवसाची झोप तशीही रात्रीपेक्षा तास-दोन तास कमीच भरते, म्हणून दोन्ही तुकडे मिळून सात तासांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

३. पाळीचा उजेड आणि पहाटे चार ते पाच

पाळीच्या पहिल्या पाच तासांत, दहा ते तीनपर्यंत, भरपूर उजेडात काम करा. तुमच्या ठिकाणी दिवे मंद असतील तर जास्त उजेड असलेल्या भागात जाऊन दर तासाला थोडा वेळ थांबा. शेवटच्या दोन तासांत उलट करा: जमेल तिथला दिवा कमी, स्क्रीन मंद.

चार ते पाच हा तास वेगळाच. या वेळी हात चालतो, डोळे उघडे असतात आणि तरी चूक होते. आमच्याकडे चूक म्हणजे एका माणसाच्या नळीवर दुसऱ्याचं बारकोड. म्हणून मी कामांची वाटणी केली आहे. डोकं लागणारी कामं, म्हणजे शंकास्पद रिपोर्ट, मशीनचं कॅलिब्रेशन, हाताने लेबल लावणं, तीनच्या आत. चारनंतर ठरलेली यांत्रिक कामं, आणि तीही उभ्याने. या तासात काही महत्त्वाचं करावंच लागलं तर शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवते. सुरक्षारक्षक, टोलनाक्यावरचे, सर्व्हर सांभाळणारे, विमानतळावर सामान चढवणारे, सगळ्यांना हे आपापल्या कामात बसवता येईल. आपण थकलो आहोत हे कळायची ताकदही याच तासात कमी झालेली असते, म्हणून "मला काही होत नाही" या वाक्यावर तेव्हा विश्वास ठेवू नका.

विश्रांतीच्या वेळी डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोपेतून उठावं लागतं, आणि मग पाव तास डोकं ठिकाणावर येत नाही.

४. घरी पोहोचेपर्यंतचा दीड तास

ऑफिसातून बाहेर पडताच गडद काचेचा गॉगल लावा, आणि तो घरात शिरेपर्यंत डोळ्यांवर राहू द्या. लोक बघतात, बघू द्या. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे बराच प्रवास झुंजुमुंजू उजेडात होतो. मे-जूनमध्ये सहालाच उजाडतं आणि सगळा रस्ता उन्हाचा.

मी चकाल्याहून मेट्रोने घाटकोपरला येते आणि तिथून कल्याणकडे जाणारी स्लो लोकल पकडते. गर्दीच्या उलट दिशेने प्रवास असल्यामुळे बसायला मिळतं, हे रातपाळीचं एक सुख आहे. पण बसायचं डावीकडच्या खिडकीशी. घाटकोपर ते ठाणे ऊन उजव्या, म्हणजे खाडीच्या बाजूने येतं. दहिसर-विरारकडे जाणाऱ्यांनीही हेच करावं, गाडी उत्तरेकडे असली की सकाळचं ऊन उजवीकडे.

बसल्या बसल्या झोप लागणार, हे धरूनच चाला. फोनवर प्रवासाच्या वेळेचा कंपनाचा गजर लावा आणि फोन हातात किंवा ओढणीला बांधून ठेवा. मी घाटकोपर सुटलं की वीस मिनिटांचा लावते. गाडीत आलेली डुलकी झोपेची उधारी आहे, ती घरच्या झोपेतूनच वजा होते. म्हणून शक्यतो शेजारणीशी गप्पा मारत या.

दुचाकी आणि गाडी चालवणाऱ्यांनो, हा भाग दोनदा वाचा. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचं भान रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं उतरतं, हे १९९७ मध्येच प्रयोगात दिसलं आहे. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दुपारी दोनला उठून रातपाळी केलेला माणूस सकाळी सातला सतरा तास जागा असतो. पूर्व द्रुतगती मार्गावर सकाळी बाइकवर डोळा लागलेला माझा सहकारी तीन महिने अंथरुणाला खिळला होता. रात्रीनंतर ट्रेन, बस, ऑफिसची गाडी, काहीही घ्या. आणि चालवणार असाल तर गडद गॉगल लावू नका. आधी जीव, मग झोप.

वाटेत बँक, भाजी, आधार केंद्र काही करायचं नाही. "आता बाहेर आहेच तर उरकून घेते" या एका वाक्याने माझे कितीतरी सकाळचे तास खाल्ले. बँक दहाला उघडते, तोपर्यंत झोपेची लाट निघून जाते आणि मग अंथरुणात टक्क डोळे. अशी कामं सुट्टीच्या दुपारी करा, भेटीची वेळ मागताना तीननंतरचीच मागा.

५. खोली: काळोख, थंडावा, आवाज

लागणारं सामान:

- जाड, उजेड अडवणारे पडदे, किंवा खिडकीच्या मापाचा काळा कागद किंवा फॉइल
- कापडी डोळेपट्टी, दोन (एक धुण्यात)
- फोमचे कानातले बोळे
- टेबल फॅन
- दाराला लावायची पाटी

काळोखाची कसोटी अशी: दुपारी बाराला खोलीत उभं राहून हात लांब करा. बोटं मोजता आली तर अजून उजेड आहे. पडदा कितीही जाड असला तरी वरच्या दांडीतून आणि बाजूच्या फटींतून ऊन येतं. पडदा खिडकीपेक्षा वीतभर रुंद घ्या आणि कडा भिंतीला वेल्क्रोने चिकटवा. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर काचेला आतून काळा कागद पुरतो.

थंडावा अवघड आहे. झोप लागायला शरीराचं तापमान उतरावं लागतं, आणि आपण झोपतो तेव्हा मुंबईचा पारा चढत असतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे सगळ्यात वाईट. वाळ्याचे ओले पडदे नागपूर-अकोल्याला गारवा देतात, कारण तिथली हवा कोरडी असते. आपल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, नुसती ओल वाढते. त्यावर पैसे घालवू नका. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब दुपारी तापते, म्हणून घरातली सगळ्यात खालची, सावलीच्या बाजूची जागा निवडा. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करा: त्वचेकडे रक्त येतं आणि मग आतली उष्णता बाहेर पडते. टेबल फॅनचा फायदा दुहेरी, वारा मिळतो आणि त्याच्या एकसुरी घरघरीत भंगारवाल्याची हाक बुडून जाते.

माझे आजोबा लालबागला गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, खाली अंथरूण कधी थंड व्हायचं नाही. आजी सांगायची, खिडकीला गोणपाट ठोकलेलं असायचं आणि सकाळी नळावरची भांडीसुद्धा बायका जपून आपटायच्या, कारण प्रत्येक बिऱ्हाडात कोणी ना कोणी रात्र करून आलेला असे. अख्ख्या चाळीला ते ठाऊक होतं. आपल्या इमारतीत ते कोणालाच ठाऊक नसतं, ते सांगावं लागतं.

६. घरच्यांशी आणि इमारतीशी बोलणी

"दिवसभर घरीच तर असतेस." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, बायकांना जास्त. राग गिळू नका, भांडूही नका. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकत्र बसवा आणि एका कागदावर तुमच्या दिवसाच्या वेळा लिहून फ्रिजवर लावा. मी नवऱ्याला एकच प्रश्न विचारला होता: रात्री दोन वाजता कोणी तुम्हाला सिलिंडर घ्यायला उठवलं तर कसं वाटेल? माझे सकाळचे अकरा म्हणजे तुमचे रात्रीचे दोन. त्यानंतर त्यांना समजवावं लागलं नाही.

मग एकेक खिंडार बुजवा.

पाणी. आमच्याकडे साडेदहाला पाणी येतं आणि मी दोन वर्षं रोज उठून पिंप भरत होते. शेवटी प्लंबरला बोलावून पिंपाला नळी आणि बॉलकॉक बसवून घेतला, पिंप भरलं की पाणी आपोआप थांबतं. नऊ वर्षांत झोपेसाठी केलेला सगळ्यात कामाचा खर्च हाच.

सिलिंडर आणि कुरिअर. गॅसच्या नोंदीला नवऱ्याचा नंबर द्या, म्हणजे डिलिव्हरीचा कोड त्यांच्याकडे येईल. कुरिअरच्या पत्त्यात "दुपारी ४ नंतर" लिहा किंवा वॉचमनकडे ठेवायला सांगा.

बेल. स्विच बंद करा आणि दारावर पाटी लावा: "रातपाळीची व्यक्ती झोपली आहे. दुपारी ३ पर्यंत बेल वाजवू नये. तातडीचं असल्यास फोन करा," आणि खाली घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर.

फोन. "डू नॉट डिस्टर्ब" लावा, पण शाळा, नवरा आणि आई-वडील यांचे नंबर अपवादाच्या यादीत टाका. बहुतेक फोनमध्ये त्याच नंबरावरून लगेच दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोयही असते. ती चालू ठेवली की मन शांत राहतं, आणि मन शांत असल्याशिवाय दिवसा झोप लागत नाही.

तिन्हीसांज. सासूबाईंच्या आणि माझ्या मध्ये हा मोठाच प्रश्न होता. दिवेलागणीला घरच्या सुनेने झोपू नये, लक्ष्मी परत जाते, असं त्यांचं मनापासूनचं मानणं. सुट्टीनंतरच्या गुरुवारी मला नेमकी तेव्हाच डुलकी हवी असायची. आम्ही तोडगा काढला: मी साडेचार ते साडेपाच झोपते, उठून हातपाय धुते आणि देवापाशी दिवा मीच लावते. "लवकर निजे, लवकर उठे" त्यांनी मला सुरुवातीला बरेचदा ऐकवलं. आता सकाळी कोणी मोठ्याने बोललं की त्याच गप्प करतात. वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता वेळ तासभर सरकवता येत असेल तर सरकवा.

गणपतीचे दिवस, नवरात्र आणि इमारतीतलं ड्रिलिंग यांच्यावर उपाय अर्धाच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून ड्रिलिंग दुपारी तीननंतर करायची विनंती करा, बहुतेक जण ऐकतात. विसर्जनाच्या दिवशी मी सरळ बहिणीकडे झोपायला जाते.

७. ताट आणि चहा

रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. तोच वडापाव दुपारी दोनला आणि रात्री दोनला खाल्ला तर रात्री रक्तातली साखर जास्त चढते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रातपाळीसारखं जागवून काहींना रात्री आणि काहींना फक्त दिवसा जेवू घातलं. दिवसा जेवणाऱ्यांची साखर बिघडली नाही. म्हणून मुख्य जेवण निघण्याआधी घ्या, भाजी-भाकरी-वरण पोटभर. रात्री बाराच्या आत एक छोटा डबा: उकडलेलं अंडं, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडी, एखादं फळ किंवा वाटीभर मुगाची खिचडी. बारा ते पाच पाणी आणि ताक. हे जमायला मला महिने लागले, कारण तीन वाजता भूक लागल्यासारखं वाटतं. बहुतेकदा ती भूक नसून झोप असते.

सकाळी घरी आल्यावर अगदी उपाशी झोपू नका, भुकेने अकराला जाग येते. थोडेसे पोहे किंवा एक भाकरी पुरे. स्टेशनबाहेरची मिसळ सुट्टीच्या दुपारसाठी ठेवा, पित्ताच्या गोळ्या वाचतील.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. दोन वाजता घेतलेल्या कटिंगमधला चाळीस टक्क्यांच्या आसपास अंश साडेआठला अंगात असतो. माझा शेवटचा चहा एक वाजता. झोप यावी म्हणून सकाळी दारू घेणारे सहकारी मी पाहिले आहेत. झोप पटकन लागते, पण दोन-तीन तासांत तुटते आणि हळूहळू प्रमाण वाढत जातं. तो रस्ता धरू नका.

८. कागदपत्रं आणि हक्क

हे तयार ठेवा:

- नियुक्तीपत्र, त्यात पाळीची वेळ आणि रात्रभत्ता स्पष्ट लिहिलेला
- बायकांनी रातपाळीला दिलेल्या लेखी संमतीची प्रत
- ऑफिसचं ओळखपत्र, कायम जवळ (रात्री नाकाबंदीत विचारतात)
- ऑफिसच्या गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन, घरी कोणाकडे तरी
- रेल्वे पास आणि मेट्रो कार्ड

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बायकांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत त्यांच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलं तर सुरक्षेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. सकाळी ट्रेनने येणं मी स्वतः निवडलं आहे, कारण चौघींना सोडत येणारी गाडी मला शेवटी सोडते. पण पावसात लोकल बंद पडल्या की मी गाडीच मागते, तो माझा हक्क आहे. रेल्वेत अडचण आली तर १३९, पोलिसांसाठी ११२.

साप्ताहिक सुट्टीचा सापळा समजून घ्या. त्याच कायद्यात सलग २४ तासांची सुट्टी सांगितली आहे. शनिवारी रात्री दहाला लागलात, रविवारी सकाळी सहाला सुटलात आणि "रविवार सुट्टी" म्हणून रविवारी रात्री दहाला परत बोलावलं, तर मिळाले फक्त सोळा तास. हे माझ्याबरोबर एका आधीच्या नोकरीत पाच महिने चाललं, मला कळलंच नव्हतं. सुट्टी पाळी संपल्यापासून मोजा.

रजेच्या अर्जात नुसती तारीख लिहू नका. "१४ तारखेच्या रात्री १० ते १५ तारखेच्या सकाळी ६" असं लिहा, नाहीतर एका रात्रीच्या दोन रजा कापल्या जातात.

९. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा

दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य: "मी कायम रातपाळी करते." चिठ्ठीवर "सकाळी एक, रात्री एक" लिहिलं असेल तर ते तुमच्या उठण्याच्या वेळेप्रमाणे की घड्याळाप्रमाणे, हे विचारून घ्या. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फीट यांच्या औषधांत हा फरक मोठा आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, फीट येणाऱ्यांनी, मनाच्या आजारावर उपचार चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी कायम रातपाळी स्वीकारण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

आता माझ्या कामातलं थोडं. उपाशीपोटीच्या साखरेला निदान आठ तास काही खाल्लेलं नसावं लागतं. रात्री एकला खिचडी खाऊन सकाळी सातला रक्त दिलं तर सहाच तास होतात, शिवाय रात्र जागून काढलेली. असे रिपोर्ट आमच्याकडे रोज येतात आणि माणसं विनाकारण घाबरतात. झोपून उठल्यावर, तोंडात काही न घालता द्या, पण सकाळी किती वाजता खाल्लं ते मोजा. एचबीए१सी ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगते आणि तिला उपास लागत नाही, रातपाळीवाल्यांना ती सोयीची. कॉर्टिसोल या संप्रेरकासारख्या काही तपासण्यांत "सकाळी आठ" ही वेळ दिवसा जागणाऱ्या माणसाची धरलेली असते, त्यामुळे लॅबमध्येही रातपाळीचं सांगा.

दरवर्षी साखर, रक्तदाब, लिपिड, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासा. बायकांनी हिमोग्लोबिन आवर्जून, कारण रक्त कमी असल्याचा थकवा आपण रातपाळीच्या नावावर खपवतो. माझं ९ होतं आणि मी वर्षभर झोपेला दोष देत होते. संध्याकाळच्या फिरण्याने मन ताजं होतं, पण आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडायला लागली की त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, म्हणून ते तपासूनच घ्या. झोपेच्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवलं आहे. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्याला कर्करोग होणारच असा नाही. पण तपासण्या टाळू नयेत, एवढा अर्थ नक्की आहे.

१०. सहा आठवड्यांची वही

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. रोज चार गोष्टी: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, मध्ये कशाने जाग आली, पहाटे चारला कसं वाटलं. दोन आठवड्यांत कळतं की झोप चोरणारा कोण आहे. माझ्या वहीत सलग अकरा दिवस "पाणी" लिहिलेलं होतं.

खुंटा, काळोख, ताट सगळं सांभाळूनही सहा आठवड्यांनंतर झोप पाच तासांच्या वर जात नसेल, प्रवासात भान हरपत असेल, छाती धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबा. मन काळवंडलं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. काही शरीरं रातपाळीला बनलेलीच नसतात, आणि वय चाळिशी-पन्नाशीकडे झुकलं की आधी जमणारंही जमेनासं होतं. दिवसपाळी मागताना तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी आणि वहीतल्या शेवटच्या चौदा दिवसांच्या पानांची झेरॉक्स जोडा, आणि अर्ज मिळाल्याची सही दुसऱ्या प्रतीवर घ्या. माझ्या शेजारच्या बाकावरच्या ताईंनी असाच अर्ज दिला होता. महिनाभरात त्यांना दुपारची पाळी मिळाली.